बर्गरची डावी बाजू : अमेरिकेतल्या पहिल्या कुकआउटसाठी

न्यू जर्सीत राहायला आलो त्या पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही मागच्या अंगणात बारा माणसं जेवायला बोलावली. ग्रिल नवं होतं आणि उत्साह दांडगा. पॅटीचा मसाला मी दोन दिवस आधीपासून ठरवत होते. वर घालायचं सगळं मात्र 'चिरायचंच तर आहे' म्हणून सोडून दिलेलं. टोमॅटो आदल्या रात्री चिरून डब्यात भरले. हिरवी चटणी केली ती सँडविचला करतो तशी, सैलसर. चौथ्या घासाला शेजारच्या अमेरिकन आजोबांच्या हातात बर्गरचा ओला लगदा झाला होता आणि चटणीचा ओघळ त्यांच्या मनगटावरून कोपराकडे निघाला होता. माणूस सज्जन. 'व्हेरी टेस्टी' म्हणाले आणि हळूच काटा मागितला.

त्यानंतर बरेच उन्हाळे गेले. आता मे महिना लागला की नव्यानं आलेल्या कुणाचा तरी फोन येतोच : "ताई, शनिवारी टीमला घरी बोलावलंय. बर्गरवर काय काय ठेवू?" इथे मेच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे, तेव्हापासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या लेबर डेपर्यंत कुकआउटचा हंगाम. तेवढ्या काळात हेच फोनवर दहादा सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकलेलं बरं.

पॅटी कशाची, हा ज्याच्या-त्याच्या घरचा प्रश्न. बीफ, टर्की, चिकन, काळ्या घेवड्याची, २०१६ पासून बाजारात असलेली मांसासारखी पण वनस्पतीजन्य इम्पॉसिबल किंवा बियाँड, काहीही चालेल. खाली जे सांगते ते सगळ्यांनाच लागू आहे.

आधी ताट आठवा

आपण ताट वाढतो तेव्हा उजवीकडे भाजी-आमटी आणि डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. डावीकडचं प्रत्येक चिमूटभर असतं, पण ते नसेल तर जेवण सपक. बर्गरचं टॉपिंग म्हणजे नेमकी ही डावी बाजू. फरक इतकाच की ती ताटात शेजारी न बसता पॅटीच्या डोक्यावर बसते आणि एकाच घासात सगळी तोंडात येते.

म्हणून दुकानात जाताना वस्तूंची यादी करू नका, चवींची करा. एक आंबट, एक गोडसर, एक तिखट किंवा झणझणीत, एक कुरकुरीत, एक स्निग्ध. पाच झाल्या की थांबा. माझ्या पहिल्या टेबलावर सतरा वाट्या होत्या. त्यातल्या सहा गोड होत्या, आणि धड आंबट एकही नव्हती.

पायरी पहिली : पाण्याचा बंदोबस्त

बर्गर मोडतो तो पाण्यानं. पाणी सोडणारा मुख्य गडी टोमॅटो. तो पाहुणे यायच्या तासभर आधी चिरा, त्याहून आधी नाही. पाव इंचाच्या गोल चकत्या करा, पेपर टॉवेलवर पसरा, वरून चिमूटभर मीठ भुरभुरा. दहा-पंधरा मिनिटांत टॉवेल ओला झालेला दिसेल. जे पाणी तिथे उतरलं ते बनमध्ये उतरणार होतं. शिवाय मीठ आत गेल्यामुळे टोमॅटो चवीलाही लागतो. कोशिंबिरीच्या काकडीला मीठ लावून पाणी पिळून काढतो तीच गोष्ट, फक्त इथे पिळायचं नाही.

टोमॅटो कुठला, हा इथे जिव्हाळ्याचा विषय आहे. न्यू जर्सीची माणसं एरवी आपल्या राज्याची स्वतःच थट्टा करतील, पण 'जर्सी टोमॅटो'बद्दल वाकडा शब्द ऐकून घेणार नाहीत. जुलैअखेर ते सप्टेंबर रस्त्याकडेच्या शेतकऱ्यांच्या टपऱ्यांवर हाताच्या पंजाएवढे, थोडे वेडेवाकडे, खऱ्या वासाचे टोमॅटो मिळतात. एक चकती अख्खी पॅटी झाकते. त्या दिवसांत दुसरं काही नसलं तरी चालेल. मे महिन्यात सुपरमार्केटात मिळणारा गुलाबी टणक टोमॅटो मात्र मी बर्गरवर ठेवतच नाही. त्याला ना चव, ना वास, नुसतं पाणी.

लेट्यूस आइसबर्ग घ्या. जाणकार नाक मुरडतील, घरात सॅलडला मीही घेत नाही, पण गरम पॅटीखाली कुरकुरीत राहायची ताकद त्याच्यातच आहे. नाजूक मिश्र पाला पॅटी टेकताच मेथीसारखा बसतो. पानं बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा आणि मग खरोखर कोरडी करा. सुती पंच्यात गुंडाळून झटकली तरी काम होतं.

पायरी दुसरी : बन भाजा

थोडक्यात : बनच्या आतल्या बाजूंना लोणी लावून तव्यावर किंवा ग्रिलच्या कडेला भाजा. पावभाजीचा पाव भाजतो तसाच, पण थोडा जास्त, सोनेरी कड येईपर्यंत. भाजलेला पृष्ठभाग रस लवकर शोषत नाही. लादीपाव इंडियन स्टोअरमध्ये मिळतो, पण तो पातळ पॅटीलाच झेपतो. जाडजूड पॅटी असेल तर पोटॅटो बन, म्हणजे पिठात बटाटा घातलेला बन घ्या.

पायरी तिसरी : कांदा, आणि इथे घाई नको

एकच टॉपिंग धड करायला वेळ असेल तर तो कांद्याला द्या.

कच्चा ठेवायचा असेल तर लाल कांद्याच्या अगदी पातळ गोल चकत्या करून दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवा. कांद्याचा तिखटपणा त्यातल्या गंधकाच्या संयुगांमुळे असतो. त्यातला काही भाग पाण्यात निघून जातो आणि कुरकुरीतपणा वाढतो. जॉर्जिया राज्यातला व्हिडेलिया कांदा गोड लागतो त्याचं कारणही हेच : तिथल्या जमिनीत गंधक कमी. तो साधारण एप्रिलपासून दुकानात येतो. मिळाला तर पाण्यात घालायचीही गरज नाही. पिठल्या-भाकरीबरोबर बुक्कीनं फोडलेला कांदा म्हणजे स्वर्ग, हे मान्य. पण बर्गरमध्ये त्याची जाड पाकळी एका घासाला अख्खी ओढली जाते आणि मागे मोकळा बन राहतो.

दुसरा प्रकार, गुलाबी मुरवलेला कांदा. एक मोठा लाल कांदा उभा पातळ चिरा. अर्धा कप पांढरं व्हिनेगर, अर्धा कप गरम पाणी, एक मोठा चमचा साखर, एक लहान चमचा मीठ, चार मिरे. हे सगळं बरणीत कांद्यावर ओता. अर्ध्या तासात कांदा गुलाबी होतो, रात्रभर राहिला तर झकास. कमी कष्टात सर्वांत जास्त कौतुक मिळवून देणारी वस्तू हीच, असं माझं ठाम मत आहे.

तिसरा, परतून परतून तपकिरी केलेला. चार मोठे कांदे, एक मोठा चमचा लोणी, थोडं तेल, मीठ आणि मंद आच. पाककृतींत 'दहा मिनिटं' लिहिलेलं असतं. त्यावर विश्वास ठेवू नका, पाऊण तास धरून चाला. आधी कांदा पाणी सोडतो, मग पारदर्शक होतो, मग बराच वेळ काहीच होत नाही असं वाटतं. इथेच नवशिक्याचा धीर सुटतो आणि आच वाढते. वाढवू नका. कढईच्या तळाला तपकिरी थर धरायला लागला की चमचाभर पाणी शिंपडून कालथ्यानं तो थर खरवडून कांद्यातच मिसळा. असं चार-पाच वेळा केलं की रंग गडद होत जातो आणि मूळची साखर वर येते. चार कांद्यांचा शेवटी जेमतेम कपभर ऐवज उरतो. डोळ्यांत पाणी दोनदा येतं : चिरताना आणि कढईत बघताना.

याहून वेगळी वाट ओक्लाहोमाची. रूट ६६ या जुन्या महामार्गावरच्या एल रीनो या गावात कागदासारख्या पातळ कांद्याचा ढीग कच्च्या मांसाच्या गोळ्यावर ठेवून तो तव्यावर दाबून चेपतात आणि उलटतात. कांदा पॅटीखाली, तिच्याच चरबीत, थोडा करपत थोडा वाफवत शिजतो. तंगीच्या दिवसांत मांस महाग आणि कांदा स्वस्त होता, म्हणून ही युक्ती निघाली. आता ती तिथली शान आहे. घरी करायचं तर ग्रिलच्या जाळीवर जमणार नाही, बिडाचा तवा हवा. आपल्या भाकरीचा चालतो. बटाट्याच्या किंवा घेवड्याच्या पॅटीत मात्र हा प्रयोग फसतो, कारण कांदा शिजवायला चरबीच सुटत नाही.

पायरी चौथी : त्यांचं लोणचं

सासूबाई साताऱ्याहून पहिल्यांदा आल्या तेव्हा मी हौसेनं पिकलची बरणी उघडून एक चकती त्यांना दिली. त्यांनी ती चावली, बरणी फिरवून फिरवून पाहिली आणि विचारलं, "अगं, हे लोणचं? याला फोडणी कुठाय?"

फोडणी नाही, तेल नाही, तिखट नाही. काकडी, मीठ, व्हिनेगर किंवा आंबवलेलं मिठाचं पाणी, लसूण आणि डिल. डिल म्हणजे आपला शेपू. आमच्या घरातली मुलं शेपूच्या भाजीला नाक मुरडतात आणि डिल पिकल बरणीतून चोरून खातात. मी काही बोलत नाही.

बर्गरसाठी 'डिल चिप्स', म्हणजे गोल चकत्या घ्या, उभे अख्खे फाक नकोत. 'ब्रेड अँड बटर' असं भाबडं नाव असलेली बरणी उचलाल तर ती गोड निघेल. त्यात साखर असते, मोहरी असते. केचप आधीच गोड, त्यात हे गोड, म्हणजे झाला गुळांबा. नवशिक्यांनी आंबट घ्यावं. शेल्फवरच्या बरणीपेक्षा दुकानातल्या फ्रिजमध्ये ठेवलेली पिकल्स जास्त कुरकुरीत असतात, चार पैसे जास्त गेले तरी हरकत नाही.

पायरी पाचवी : चीज

चांगलं, जुनं मुरवलेलं चेडर आणून पहिल्याच वेळी मी पस्तावले. ते गरम पॅटीवर वितळण्याऐवजी फुटलं. एकीकडे तेल, दुसरीकडे रबर. अमेरिकन चीज नावाच्या पिवळ्या चौकोनी पत्र्याची कितीही थट्टा होवो, बर्गरवर तेच नीट वितळतं. जेम्स क्राफ्ट यांनी १९१६ मध्ये प्रोसेस चीजचं पेटंट घेतलं. आज त्यात सोडियम सायट्रेटसारखे क्षार घालतात, ते चीजमधलं स्निग्ध, प्रथिन आणि पाणी एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून ते फुटत नाही. आपल्याकडचं क्यूबमधलं चीज याच घराण्यातलं. प्लास्टिकमध्ये सुटं गुंडाळलेलं न घेता सुपरमार्केटातल्या डेली काउंटरवरून, म्हणजे चीज-मांस समोर कापून देतात तिथून, पाव पौंड कापून घ्या, चवीत फरक पडतो. तिखट हवं तर मिरची घातलेलं पेपर जॅक चीज.

पॅटी उतरवायच्या साधारण मिनिटभर आधी चीज ठेवायचं आणि ग्रिलचं झाकण लावायचं. ते होण्याआधी थर्मामीटर टोचून बघा : बीफची पॅटी आतून १६० अंश फॅरनहाइट, चिकन-टर्कीची १६५. रंगावरून अंदाज बांधू नका.

पायरी सहावी : बाटल्या

तीन बाटल्या लागतात. केचप, मस्टर्ड, मेयो.

केचप हे नाव मुळात आग्नेय आशियातल्या मासळीच्या सॉसवरून आलं, टोमॅटोचा त्यात संबंध नव्हता. हाइन्झनं १८७६ मध्ये टोमॅटो केचप विकायला सुरुवात केली आणि आज केचप म्हटलं की टोमॅटोच. काचेची बाटली असेल तर बूड थोपटत बसू नका, मानेवर '५७' कोरलेलं असतं तिथे तळव्यानं ठोका, झटक्यानं दाट केचप सैल होतं आणि वाहतं. केचपबद्दल इथे लोक वितंडवाद घालतात. कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनला 'लुईज लंच' नावाचं १८९५ पासूनचं छोटंसं ठिकाण आहे. ते टोस्टच्या दोन फोडींत बर्गर देतात, वर चीज, टोमॅटो, कांदा एवढंच. केचप, मस्टर्ड, मेयो मागितलं तरी मिळत नाही. मला ते थोडं पुण्याच्या पाट्यांसारखं वाटतं, त्यामुळे आपलंसंही वाटतं.

मस्टर्डकडे मराठी माणसानं जरा आपुलकीनं बघावं. फ्रेंचेस कंपनीचं पिवळं मस्टर्ड १९०४ च्या सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात लोकांसमोर आलं. त्याचा तो भडक पिवळा रंग मोहरीचा नव्हे, हळदीचा. बाटलीवर घटक वाचा, हळद सापडेल. मोहरी फेसली की जी झणझण नाकात जाते, तिचीच सौम्य बहीण यांच्याकडेही. दाणा फुटून पाण्याशी भेट झाल्यावरच ती तयार होते आणि उष्णतेनं उडून जाते. म्हणून मस्टर्ड पॅटी ग्रिलवरून उतरल्यावर लावा. ग्रिलवर लावलंत तर आंबटपणा राहील, झणका जाईल. कॅलिफोर्नियात इन-अँड-आउट नावाच्या बर्गरच्या दुकानांतले लोक 'अ‍ॅनिमल स्टाइल' मागितलं तर मुद्दाम पॅटीला मस्टर्ड लावून ती तव्यावर भाजतात. त्यांना झणका नकोच असतो, खमंग थर हवा असतो.

मेयोचं काम चवीपेक्षा रक्षणाचं. ते तेल आणि अंड्याचं घट्ट मिश्रण असल्यामुळे बनला लावलं की रस आत जायला अडसर होतो, पावसाळ्यात छपराला डांबर लावतात तसं. पूर्वेकडे जे हेलमन्स म्हणून मिळतं तेच रॉकी पर्वतांच्या पश्चिमेला बेस्ट फूड्स नावानं मिळतं. नोकरी बदलून कॅलिफोर्नियात गेलात तर दुकानात शोधत फिरू नका. दक्षिणेत ड्यूक्सवाल्यांचा वेगळाच पंथ आहे. त्यात साखर नसते, त्यामुळे मला तेच जास्त आवडतं.

तिन्ही मिसळून घरचा सॉस होतो. अर्धा कप मेयो, दोन मोठे चमचे केचप, एक चमचा मस्टर्ड, दोन चमचे गोड रेलिश म्हणजे बारीक चिरलेलं पिकल, किसलेल्या कांद्याचा रस आणि थोडं व्हिनेगर. फ्रिजमध्ये दोन तास ठेवा. पेनसिल्व्हेनियातल्या युनियनटाउनला १९६७ मध्ये जिम डेलिगाटींनी बिग मॅक सुरू केला, त्याचा सॉस याच कुळातला. नुसतं केचप आणि मेयो मिसळलं तर यूटा राज्यात त्याला फ्राय सॉस म्हणतात आणि त्यावर जीव टाकतात.

पायरी सातवी : आपलं काय ठेवायचं

माझ्या पहिल्या टेबलावर चूक हिरव्या चटणीची नव्हती, तिच्या पाण्याची होती. आपल्या चटण्यांपैकी ज्या कोरड्या किंवा दाट आहेत त्या बर्गरवर राज्य करतात.

वडापावची लसूण-खोबऱ्याची सुकी चटणी ठेवाच. चीज वितळतंय तोवर त्यावर चमचाभर भुरभुरायची, म्हणजे चिकटून बसते आणि खाताना सांडत नाही. दाण्याची चटणीही चालते. शेंगदाणा आणि बर्गर ही जोडी ऐकून इथला कुणी भुवया उंचावत असेल तर त्याला मिझूरीतल्या सिडेलिया गावाचं नाव सांगा, तिथला पीनट बटर लावलेला 'गूबरबर्गर' प्रसिद्ध होता.

ठेचा थेट देऊ नका. हौसेनं मोठा चमचा घेणारा एक तरी पाहुणा असतोच, आणि नंतर दुधाच्या शोधात आपलंच स्वयंपाकघर उचकटतो. अर्धा कप मेयोत दोन लहान चमचे ठेचा आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून फेटा. ठेचा मिक्सरमध्ये गंधासारखा वाटू नका, बत्त्यानं किंवा तव्यावरच वाटीच्या बुडानं भरडसर ठेचा. मेयोतून मिरचीचा बारीक तुकडा दाताखाली आला पाहिजे. इंडियन स्टोअरच्या मिरच्या नसतील तर सेरानो घ्या. हालापेनोचा ठेचा होतो, पण त्याला बी.पी.च्या पथ्याचा म्हणता येईल इतपतच जोर असतो.

मिरचीच्या बाबतीत अमेरिकेत आपले खरे भाऊबंद न्यू मेक्सिकोत आहेत. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हॅच खोऱ्यातल्या हिरव्या मिरच्या दुकानांबाहेर जाळीच्या फिरत्या पिंपांत ज्वाळेवर भाजतात. तो वास गाडीच्या बंद काचांतून आत येतो आणि पोटात कालवाकालव होते, कारण तो घरी ठेच्याला मिरच्या भाजल्याचा वास असतो. तिथला बर्गर म्हणजे भाजलेल्या हिरव्या मिरचीचा आणि चीजचा, त्यावर केचपबिचप नाही. सॅन अँटोनियो नावाच्या एवढ्याशा गावातल्या आउल बारमध्ये तो खायला लोक वाट वाकडी करून जातात. अणुबाँबवर काम करणारे शास्त्रज्ञही तिथे येत असत. आपल्या गावात हॅच मिरची मिळाली नाही तर पोब्लानो आणा. भरताचं वांगं भाजतो तशी गॅसवर सगळीकडून काळी करा, दहा मिनिटं झाकून ठेवा, बोटांनी साल काढा, उभ्या पट्ट्या करा. पाण्याखाली धरून साल काढू नका, भाजल्याचा वास त्या पाण्याबरोबरच जातो.

हिरवी चटणी हवीच असेल तर पाण्याऐवजी मूठभर भाजलेलं डाळं घालून वाटा. चमचा उलटा केला तरी पडली नाही, की झाली.

पायरी आठवी : कोण काय खातं

इथल्या कुठल्याच पुस्तकात ही पायरी नसते आणि आपल्या घरी तिच्यावाचून चालत नाही. बारा पाहुण्यांत दोघं पक्के शाकाहारी, एक अंडं खाणारी, एक जैन, एक फक्त हलाल आणि एक सोमवारचा उपास करणारा. २०२५ साली तर आषाढी एकादशी ६ जुलैला, म्हणजे चार जुलैच्या लाँग वीकेंडलाच आली. आमच्याकडे त्या दिवशी ग्रिलशेजारी साबुदाणावड्याची कढई होती आणि ऑफिसातल्या दोघांनी ते वडे बनमध्ये घालून खाल्ले. उपासाच्या माणसांनी डोळे मिटून घेतले.

पॅटी वेगळी ठेवली म्हणजे काम झालं असं समजू नका. खरे खाचखळगे टॉपिंगमध्येच असतात. मेयोत अंडं असतं. ब्रिओश बनमध्ये अंडं असतं. वुस्टरशायर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात, आणि तयार बर्गर सॉसच्या बाटलीत तो सॉस असू शकतो. काही चीजमध्ये दूध साकळवायला जनावराच्या जठरातलं रेनेट वापरतात. पाकिटावर 'मायक्रोबियल' किंवा 'व्हेजिटेरियन' रेनेट लिहिलंय का बघा. जैन पाहुण्यांसाठी केचपचं लेबलही वाचा, त्यात कांद्याची पूड असते. बाजूला ठेवायच्या डब्यातल्या बेक्ड बीन्समध्ये बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं. हे मला एका पाहुण्यानं, चमचा तोंडाशी नेता नेता, सांगितलं होतं.

ग्रिलचा अर्धा भाग शाकाहारी, त्यावर फॉइल, आणि चिमटे-कालथे दोन. एकाच्या दांड्याला हिरवी चिकटपट्टी लावा. वाट्यांसमोर चिठ्ठ्या ठेवा : अंडं आहे, कांदा-लसूण नाही, वगैरे. पाहुण्याला दर वाटीपाशी विचारावं लागलं की तो शेवटी कोरडा बन खाऊन घरी जातो.

पायरी नववी : रचायचं कसं

खालून वर. भाजलेला बन, त्यावर मेयो कडेपर्यंत. मग लेट्यूस, मग टोमॅटो. टोमॅटोचा रस लेट्यूसवर थांबतो, बनपर्यंत जात नाही. त्यावर चीज वितळलेली पॅटी. गरम चीजवर लगेच पिकलच्या तीन चकत्या दाबा. चीज गोंदासारखं काम करतं, मग चकत्या घसरत नाहीत. एकावर एक ठेवू नका, शेजारी शेजारी ठेवा, म्हणजे प्रत्येक घासाला एक येते. मग कांदा, एकाच प्रकारचा. वरच्या बनला आतून मस्टर्ड किंवा केचप किंवा ठेचा-मेयो. आता तळव्यानं हलकेच दाबून अर्धा मिनिट तसाच ठेवा.

उंची बघा. तोंड जेवढं उघडतं त्याहून उंच बर्गर फोटोलाच बरा. काडी टोचून उभा करावा लागत असेल तर त्यातून एक वस्तू काढा. बहुधा ती दुसरी पॅटी असते, पण ते ऐकायला कुणी तयार नसतं.

पायरी दहावी : टेबल

मांडणी रचनेच्याच क्रमानं करा : बन, मेयो, पानं, टोमॅटो, मग ग्रिलवाल्याची जागा, मग पिकल, कांदे, चटण्या, बाटल्या. रांग पुढे सरकते, कुणी मागे वळत नाही. मेयोच्या वाट्या बर्फानं भरलेल्या परातीत ठेवा. बाहेर ठेवलेलं नाशिवंत अन्न दोन तासांत आत गेलं पाहिजे, आणि उन्हाचा पारा ९० फॅरनहाइटच्या वर असेल तर तासाभरातच. आपल्याकडे 'पाहुणे अजून येताहेत' म्हणून सगळं संध्याकाळपर्यंत पसरून ठेवायची खोड असते. मराठी मंडळी दीड तास उशिरा येणार हे गृहीत धरा आणि सगळं दोन हप्त्यांत बाहेर काढा.

बारा जणांना माझं माप असं : सोळा बन, चार मोठे टोमॅटो, आइसबर्गचा एक गड्डा, गुलाबी कांद्याची एक बरणी, तपकिरी कांद्यासाठी सहा कांदे, पिकलची एक मोठी बरणी, चीजचे अठरा-वीस काप, आणि ठेचा-मेयो मात्र दुप्पट. 'फार तिखट आहे का?' असं विचारणारेच तो सर्वांत आधी संपवतात.

उरलेला गुलाबी कांदा फ्रिजमध्ये आठवडाभर सहज राहतो आणि सोमवारी सकाळी पोह्यांवर घालायला फार चांगला. पिकलची बरणी रिकामी झाली तरी आतलं पाणी ओतून देऊ नका. काकडीचे आणि गाजराचे उभे तुकडे त्यात बुडवून ठेवा, दोन दिवसांनी डब्यात द्यायला होतात.